शेपटीवाली नावं

“नाव बदलायला काय अडचण आहे तुम्हाला?” मी दारातच विचारलं.

हेमांगीनं दार जेमतेम उघडलं होतं. आतली साखळी तशीच. फटीतून तिचा एक डोळा, खांद्यावरची ओढणी आणि डाव्या हातातलं उलथनं एवढंच दिसत होतं.

“काकू, तेवढं एक राहू द्या की,” ती म्हणाली. “मेंटेनन्स वेळेवर देते, पाणी जपून वापरते. नाव मात्र आहे तसं राहू द्या.”

“अहो, पण नियम आहे सोसायटीचा.”

“माहिताय.”

“मग?”

“उपमा लागेल खाली,” असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

माझा उभा जन्म मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. लोकांनी माझ्या कानात फोन आपटले, ट्रंक कॉल लागला नाही म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला; पण तोंडावर दार कुणी लावलं नव्हतं. मी तणतणत जिना उतरले. ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टेशनाकडच्या भागातल्या आमच्या मधुबन अपार्टमेंटची मी तेव्हा सेक्रेटरी होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

नाव म्हणजे हेमांगीचं नाव नव्हे, तिच्या वायफायचं नाव. आमच्याकडे त्याचाही नियम होता. त्याला कारण घडलं होतं. घरोघरी नवीनच वायफाय आलं, तेव्हा पोरांनी वाटेल ती नावं ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं ठेवलं, ‘फुकट्यांनो रिचार्ज मारा’. समोरच्यानं लगेच आपलं बदलून ‘आधी मेंटेनन्स भर’ असं केलं. प्रकरण गच्चीवर एकमेकांची कॉलर धरण्यापर्यंत गेलं. मग तळमजल्यावरच्या पाटणेसाहेबांनी ठराव मांडला की, दारावर जशी पाटी असते तशीच हवेतही पाटी पाहिजे. फ्लॅट नंबर आणि आडनाव, बस्स. तेव्हापासून फोन उघडला की सगळं मधुबन ओळीत उभं दिसायचं. पाटणे एक, होनमोरे सहा, मगदूम नऊ म्हणजे मी. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

या ओळीत हेमांगीचं नाव म्हणजे ‘काजवा’, पुढं एक आडवी रेघ आणि त्याला चिकटून ‘नोमॅप’. ना फ्लॅट नंबर, ना आडनाव.

पाटणेसाहेब माझी वाटच बघत खाली उभे होते. ते जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. नाका बंद झाला, पण साहेबांच्या अंगातून काही गेला नाही. इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला, पार्सलला आणि पिशवीला त्यांच्या खिडकीसमोरून जावं लागे.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणाली.”

“असं कसं नाही म्हणाली? भाडेकरू आहे. येत्या सभेत विषय लावतो. नाव नियमात आणा, नाहीतर जागा सोडा.”

“नवऱ्याला विचारून सांगेल कदाचित,” मी आपलं म्हटलं. मिस्टर बोटीवर असतात, असं तिनं जागा घेताना सांगितलं होतं. एकट्या बाईला कोण जागा देतो?

“बोटीवर,” पाटणेसाहेब म्हणाले. नाक्यावर ‘आत फक्त कांदे आहेत साहेब’ असं ऐकल्यावर ते ज्या आवाजात ‘कांदे’ म्हणत असतील, तोच हा आवाज होता.

त्यांनी खरंच विषय लावला. जिन्याखालच्या फळ्यावर सभेची सूचना खडूनं लिहिली आणि तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

सभेच्या आधी चैत्राचं हळदीकुंकू आलं. आमच्याकडे चैत्रगौर बसली की महिनाभर आज या घरी, उद्या त्या घरी असं चाललेलं असतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, हाताला अत्तर. पाटणेवहिनींचं हळदीकुंकू मोठं असायचं. साहेबांच्या मानानं वहिनी अगदी मऊ बाई. नवऱ्यासमोर त्यांचा आवाज मी फारसा कधी ऐकला नव्हता. पण चैत्रात मात्र त्या आसपासच्या सगळ्या गल्ल्यांतल्या बायका गोळा करायच्या.

हेमांगी आली होती. कोपऱ्यात बसून डाळ खात होती. होनमोरेबाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं. होनमोरेबाई मनानं फार चांगल्या, पण दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही चहा पाजून घरचं सगळं सांगून मोकळ्या होणाऱ्या.

“अगं, हिनं अजून नाव घेतलं नाही!” त्या म्हणाल्या. “घे की गं नाव. बोटीवरचा असला म्हणून काय झालं, नाव तर असेलच!”

सगळ्या हसल्या. “घे, घे” म्हणून गलका झाला. हेमांगीनं डाळीचा द्रोण खाली ठेवला. ती लाजत नव्हती. उखाण्याला लाजणाऱ्या बायका मी ढिगानं बघितल्यात, त्यांचं तोंड असं पांढरं पडत नाही.

“डाळीत मीठ कमी पडलंय का हो?” पाटणेवहिनी एकदम मोठ्यानं म्हणाल्या. “मगदूमवहिनी, बघा की जरा. मला तर अळणीच लागायलीय.”

मीठ अगदी बेताचं होतं. पण डाळीच्या मिठावर बायकांची पाच मतं पडली आणि उखाणा राहून गेला.

त्या संध्याकाळी हेमांगी आपणहून माझ्या मागोमाग वर आली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. मी सरबत केलं. तिनं पेला डाव्या हातानं घेतला, आणि तेव्हा माझं तिच्या उजव्या मनगटाकडे लक्ष गेलं. ते सरळ नव्हतं.

“मोडून परत जुळवलंय,” ती म्हणाली. “टायपिंग होतं. घट्ट पिळता येत नाही काही.”

“कुणी मोडलं?”

“त्यानंच. बोटीवर-बिटीवर नाही काकू. साताऱ्यात असतो.”

मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, सरळ, दवाखान्यात आपली केस सांगतात तसं. ती घरी बसून परदेशातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायची. त्यासाठी कंपनीनं तिला वायफायचा एक डबा दिला होता. त्या डब्याशिवाय काम चालत नव्हतं, म्हणून घर सोडताना चार कपड्यांबरोबर तिनं तोही उचलला. कोल्हापुरात एक खोली घेतली. कुणाला म्हणजे कुणाला पत्ता दिला नव्हता. तरी तो येऊन उभा राहिला.

“कसा काय?”

“डब्यावरनं. रस्त्यानं जाणारे-येणारे फोन आजूबाजूच्या डब्यांचे नंबर टिपत असतात काकू. नकाशावाल्या कंपन्या ते साठवतात. आपल्याला पत्ताही नसतो. डब्याखालच्या नंबराचा फोटो त्यानं आधीच काढून ठेवला होता. त्याच्या एका मित्रानं तो नंबर नकाशात कुठं आलाय ते शोधून दिलं.”

“आणि घरमालकीण?”

“तिनं त्याला चहा दिला. पेढे घेऊन आलेला. गोड बोलतो तो. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, म्हणाली ती, आणि माझं दार तिनंच वाजवलं. ती म्हणाली म्हणून मी उघडलं.” तिनं मनगट मांडीवर उलटं करून ठेवलं. “हे त्या दिवसाचं.”

मी सरबत ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

“म्हणून ते नाव,” ती पुढं म्हणाली. “नावाच्या शेवटी ते ‘नोमॅप’चं शेपूट लावलं की नकाशावाले त्या डब्याचा नंबर ठेवत नाहीत. नको म्हणायची तेवढी एकच सोय आहे.”

हे मला लगेच कळलं. आमच्या वेळीही नंबर डिरेक्टरीत छापू नका असं सांगता यायचं. आणि असे गोड बोलणारे गृहस्थ एक्स्चेंजच्या काउंटरवर यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरं तोंड, ‘बायको रुसून गेलीय हो, नंबर तेवढा द्या.’ आमच्या सुपरवायझर शांताबाई म्हणायच्या, “ज्याला आपल्या बायकोचा नंबर परक्याला विचारावा लागतो, त्याला तो द्यायचा नाही.” मी कधीच दिला नाही.

“मग आता भीती कसली? शेपूट आहे की,” मी म्हटलं.

“माझ्या जिभेनं घात केला,” ती म्हणाली. “घटस्फोटाच्या तारखेला कोर्टाच्या आवारात तो भेटला. कुठंही जा, डबा मला सांगेल, म्हणाला. माझं डोकं फिरलं. आता नाही सांगणार, शेपूट लावलंय मी त्याला, असं सुनावून आले. काय शेपूट, कसलं शेपूट, सगळं. आता त्याच्या आतेबहिणीनं मला इथल्या भाजी मार्केटात बघितलंय. तो मिरजेत येऊन गेलाय काकू. फोन हातात घेऊन गल्ल्या फिरतो. नुसती नावं वाचत.”

“काढून टाक मग शेपूट.”

“काढलं की थोड्या दिवसांत नकाशात येईन. ठेवलं तर या भागात शेपूटवालं नाव एकच आहे. माझं.”

“डबा फेकून दे मेला!”

“त्याच्यावर पगार आहे. बदलून मागितलाय. बघू म्हणतात.”

ती पेला विसळून पालथा घालून गेली. मला राग आला होता. त्या माणसाचा, त्या घरमालकिणीचा, नकाशावाल्यांचा आणि फळ्यावरच्या त्या दोन रेघांचा. कुणाला सांगावं तर तोंडातून तोंडात जायला आमच्या इमारतीत जिन्याचीही गरज लागत नाही. होनमोरेबाईंना कळलं की साताऱ्यालाच कळलं.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. पाटणेसाहेबांनी विषय मांडला. “नावं एकसारखी पाहिजेत. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे चालणार नाही.”

हेमांगी शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती.

“साहेबांचं मला पटतं,” मी उठून म्हणाले. “एकसारखीच पाहिजेत. फक्त कशी एकसारखी, ते ठरवूया.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपल्या घरातल्या डब्याचा नंबर रस्त्यानं जाणारं कुणीही टिपून नेतंय आणि नकाशात घालतंय. आपल्याला कुणी विचारलं? एक्स्चेंजला असताना आम्ही परवानगीशिवाय नंबर सांगत नव्हतो. नावाच्या शेवटी एक शब्द लावला की हे टिपणं थांबतं. फुकट काम आहे. सगळ्यांनीच लावूया. आडनाव राहू दे, फ्लॅट नंबर राहू दे, ज्याला जे ठेवायचं ते ठेवू दे. शेपूट तेवढं सगळ्यांचं एक.”

“त्यानं आपलं काय जातंय?” एकानं विचारलं. “नंबर टिपला तर टिपू दे की.”

“तुमच्या बाथरूमच्या खिडकीला पडदा का आहे?” मी विचारलं. “कुणी बघितलं तर काय झिजणार आहे तुमचं?”

लोक हसले. हात वर करायला सांगितलं, तर बायकांचे हात पहिल्यांदा वर गेले. एकीनंही काही विचारलं नाही. होनमोरेबाईंचा तर सगळ्यात आधी. माझ्या बोलण्याचाच हा प्रभाव, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

“माझा विरोध नोंदवा,” पाटणेसाहेब म्हणाले.

“अहो, तुम्हीच म्हणालात की एकसारखी—”

“म्हणालो. ठराव झाला, मान्य. तिला जागा सोडायला कुणी सांगायचं नाही, तेही मान्य. पण माझ्या दारावरची पाटी सरळ आहे आणि माझं नावही सरळच राहणार. हवा तर दंड करा.”

आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवले आणि स्वतःवर आल्यावर हे. मला इतकी चीड आली की मी त्यांच्या विरोधापुढं तारीख-वारही घातला.

आमच्या भागात कनेक्शन देणारा रियाज म्हणाला, “काकू, एकेका घरी कशाला येऊ? फोनवर हो म्हणायला सांगा, ऑफिसातनं बदलून देतो.” आठवडाभरात मधुबनमधल्या सगळ्या नावांना शेपटं फुटली. फोन उघडला की सगळी नावं शेवटाला एकसारखी वळलेली दिसायची. त्यात वर पाटणे एक, काठी गिळल्यासारखं ताठ. ते दिसलं की माझं डोकं उठायचं.

वैशाखात गच्चीवर कुरडया सुरू झाल्या. दरवर्षी आम्ही चार-पाच घरच्या बायका मिळून करतो. पहाटे चीक शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत साऱ्या कुरडया घालून मोकळं व्हायचं. हेमांगीला सोऱ्या दाबता येत नव्हता, म्हणून तिला कावळे हाकलायचं काम दिलं होतं. ते ती मनापासून करत होती. आठवड्याभरात तिच्या तोंडावर जरा रंग आला होता.

मी चिकाचं दुसरं पातेलं न्यायला पाटणेवहिनींच्या घरी खाली आले. पातेलं उचलून मागच्या दारानं जिन्यात पोचते तोच पुढच्या दाराची बेल वाजली. साहेबांनी दार उघडल्याचा आवाज आला.

“नमस्कार. पाटणे ना आपण?”

आवाज चांगला होता, अगदी ऐकत राहावा असा. मी जिन्याच्या वळणावरून वाकून बघितलं. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. साताऱ्याचे कंदी पेढे असावेत.

“बोला,” पाटणेसाहेब म्हणाले.

“थोडी मदत पाहिजे होती. माझी मिसेस रुसून आलीय या भागात. नवरा-बायकोत व्हायचंच हो थोडंफार. तिला घरी न्यायला आलोय.”

“मग न्या की. माझ्याकडे काय आहे?”

तो हसला. “तेच तर. तिच्या वायफायच्या नावाला एक शेपूट आहे. म्हटलं, त्यावरनं चटकन सापडेल. तर इथं बघतो तो सगळ्यांनाच शेपूट! या बिल्डिंगला, पलीकडच्या गल्लीला, दवाखान्याच्या मागं, मार्केटच्या बोळात. मिरजेतल्या लोकांना झालंय काय? परवापासून फिरायलोय. एवढ्या सगळ्यात तुमचं एकच नाव सरळ दिसलं, घर नंबरासकट. म्हटलं, हा माणूस सरळ असणार. याला विचारूया.”

पलीकडची गल्ली? मार्केटचा बोळ? मी फक्त मधुबनमध्ये ठराव केला होता. चिकाचं पातेलं हातात जड व्हायला लागलं.

वरून गच्चीतल्या हसण्याचा आवाज आला. चीक अजून कसा आला नाही म्हणून कुणीतरी खाली येणार, आणि सगळ्यात रिकामी होती ती हेमांगी. मी पातेलं पायरीवर ठेवलं आणि जिन्याच्या मधोमध बसले. ती आली असती तर माझ्यावरूनच उतरावं लागलं असतं.

“फोटो आहे बघा,” तो म्हणाला. “हेमांगी नाव. उंच, सावळी. उजव्या हाताला जरा दुखापत झालेली.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोटो बघितला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. नियमाचा माणूस. जन्मात कुणाचा खोटा माल नाक्यातून सोडला नाही, हे ते स्वतःच दर सभेत सांगायचे.

“अशी कुणी इथं राहत नाही,” पाटणेसाहेब म्हणाले.

“नीट बघा की साहेब.”

“नीटच बघितलंय. दिवसभर या खिडकीत बसतो मी. इथनं मांजर गेलं तरी मला माहीत असतं. ही बाई नाही.”

“वर जरा चार घरी विचारून येऊ का? एवढा लांबून आलोय.”

“नाही. बाहेरच्या माणसाला वर सोडत नाही आम्ही. नियम आहे सोसायटीचा.”

असा नियम आमच्या सोसायटीत नव्हता. मी सेक्रेटरी होते, मला माहीत नसणार तर कुणाला?

“बरं. हे पेढे तरी घ्या.”

आतून पाटणेवहिनींचा आवाज आला, “आमच्याकडे गोड चालत नाही हो कुणाला. डायबेटिस.” त्या घरात साखरेचा चहा चार वेळा होतो.

तो जरा घुटमळला. एकदा जिन्याकडे बघितलं. साहेब दारातून बाहेर आले आणि त्याच्या आणि जिन्याच्या मध्ये उभे राहिले. लुंगी आणि बनियन घातलेला, पिकल्या मिशीचा, बुटका माणूस. पण नाक्यावर दांडा आडवा पडल्यावर ट्रक जसा थांबतो, तसा तो थांबला. मग वळला. साहेब त्याच्या मागोमाग गेटपर्यंत गेले, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत तिथंच थांबले आणि गेटला कडी घालूनच परत आले.

मी पातेलं तिथंच ठेवून खाली आले. साहेब खुर्चीत बसले. वहिनींनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“हळदीकुंकवाच्या दिवसापासनं,” ते म्हणाले. “ही म्हणाली, ती पोरगी नवऱ्याचं नाव काढल्यावर पांढरी पडली. ती तुमच्या मागनं वर गेली, तशी हीही गेली होती हळदीकुंकवाची पुडी विसरली म्हणून द्यायला. दारातनं ऐकलं आणि तशीच परत आली. फळ्यावरचा विषय पुसला असता, तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून तो राहू दिला.”

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “चैत्र होता की. घरोघरी जायचंच होतं. म्हटलं, ओटीबरोबर तेवढं एक सांगावं. कुणाचं नाव नाही सांगितलं मी. एका बाईला लपायचंय, एवढंच. रियाजला फोन करा, म्हटलं.”

म्हणजे सभेतले ते हात. माझ्या बोलण्याचा प्रभाव! मला हसायला आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. होनमोरेबाईंना ठाऊक होतं आणि त्या गप्प बसल्या होत्या, हे तर मला आजही नवल वाटतं.

“पण मग तुम्ही विरोध कशाला केलात?” मी साहेबांवरच उखडले. “तुमचं एकट्याचं नाव सरळ, म्हणून तो इथं आला ना?”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

“काय म्हणूनच?”

“मगदूमबाई, सगळ्यांची शेपटं सारखी झाली असती, तरी तो कुणाचं तरी दार वाजवणारच होता. कुणाचं वाजवलं असतं? होनमोरेबाईंचं? पेढे बघून त्यांनी पहिल्यांदा चहा टाकला असता.” त्यांनी पाणी प्यायलं, मिशी पुसली. “आलेला माल एका ठिकाणी यायला पाहिजे. म्हणजे अडवता येतो. म्हणून म्हटलं, एक नाव सरळ राहू दे. तो माझ्याच दारावर यावा.”

सभेच्या वहीत त्यांच्या विरोधापुढं मी घातलेला तो तारीख-वार डोळ्यांसमोर आला.

“आता वर जाऊन सांगते तिला,” मी म्हटलं.

“लगेच नको,” पाटणेसाहेब म्हणाले. “हसायलीय बघा वर. कुरडया होऊ देत, मग सांगा.”

मी पातेलं घेऊन वर गेले. चीक गार झाला होता. हेमांगी काठी घेऊन कावळ्यामागं धावत होती, आणि मला उशीर झाला म्हणून बायकांनी माझा उद्धार केला.

दुपारी सांगितलं. ती जिन्यातच बसून खूप रडली. मग तोंड धुऊन खाली गेली. साहेब पेपर वाचत होते. तिनं वाकून नमस्कार केला, तर ते म्हणाले, “अगं, ते वरच्या मजल्यावरचं पाणी सकाळी ओव्हरफ्लो होत होतं. तू शेवटची आंघोळ करतेस, बघत जा जरा.”

तो परत आला नाही. पुढं कंपनीनं डबा बदलून दिला, कोर्टाचा निकालही लागला, आणि शेपटांची गरज उरली नाही. पण काढायला कुणी रियाजला फोन केला नाही. हेमांगी अजून इथंच राहते. पुढच्या चैत्रात एक नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यातल्या बाईंनी हौसेनं तिला उखाणा घ्यायला सांगितलं, तेव्हा पाटणेवहिनी भरल्या घरात, साहेबांसमोर, ठणकावून म्हणाल्या, “तिनं नाव घ्यायचं नाही. नियम आहे आमच्या सोसायटीचा.” साहेबांनी मान डोलावली.

गेल्या आषाढात साहेब गेले. वहिनी आता त्या खिडकीत बसतात. वायफायचं बिल त्या भरतात. नावाचं काय करायचं, म्हणून रियाजनं विचारलं, तर म्हणाल्या, आहे तसंच असू दे.

रोज सकाळी मी फोन उघडते. खालपासून वरपर्यंत सगळी शेपटीवाली नावं ओळीनं येतात. आणि त्यात एक सरळ. पाटणे, एक.